तुमान म्हणजे धुकं

१९५२ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने आपल्या विज्ञानमालेतला अठरावा अंक काढला. विषय होता स्टोनफ्लाय या किड्यांचं वर्गीकरण. लेखक विल्यम एडविन रिकर. कोरियात युद्ध पेटलेलं होतं. सिनेटर मॅकार्थींना जळी-स्थळी-काष्ठी-पाषाणी कम्युनिस्ट दिसत होते. आणि नेमक्या त्या दिवसांत रिकर उत्तर अमेरिकेतल्या ओढ्यांमधल्या किड्यांच्या गटांना रशियन कानाची नावं देऊन बसले. झापादा: रशियनमध्ये 'झापाद' म्हणजे पश्चिम. विसोका, उंचावरची. मालेन्का, इवलीशी. प्रोस्तोया, साधीसुधी. पोदमोस्ता हे तर चक्क 'पुलाखाली'. आणि लेदनिया, ज्यात 'ल्योद', म्हणजे बर्फ, ऐकू येतो. या लेदनियात त्यांनी जी प्रजाती बसवली तिचं नाव तुमाना. 'तुमान' म्हणजे धुकं.

मराठी कानाला तुमान म्हटलं की विजार आठवते, त्याला इलाज नाही. पण नाव सुरेख आहे. बर्फाची, धुक्याची. पुढे इंग्रजीतही काही काळ तिला 'मिस्ट फॉरेस्टफ्लाय' म्हणत. आता 'मेल्टवॉटर स्टोनफ्लाय' म्हणतात, म्हणजे वितळलेल्या पाण्यातली. धुक्याकडून वितळण्याकडे झालेला नावाचा हा प्रवास हाच या लेखाचा विषय म्हणता येईल.

रिकर मूळचे कॅनडाचे. जन्म १९०८चा, ओंटारिओतला. पोटापाण्याचा धंदा माशांचा. ब्रिटिश कोलंबियातल्या कल्टस तळ्यावर सामन माशांवर काम केलं, १९३९ ते १९५० इंडियानात शिकवलं, मग पुन्हा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर नानायमोला गेले. मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला 'रिकर कर्व्ह' माहीत असतो: अंडी घालणारे मासे किती आणि त्यातून पुढच्या पिढीत हाती लागणारे किती, याचं १९५४ साली त्यांनी मांडलेलं गणित. कुठल्या नदीतून किती मासे पकडायला परवानगी द्यायची हे ठरवताना ते अजूनही वापरतात. रशियन मत्स्यशास्त्र वाचता यावं म्हणून ते रशियन शिकले होते. पुढे १९७३ साली त्यांनी मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी रशियन-इंग्रजी शब्दकोशही काढला. स्टोनफ्लाय हा त्यांचा जोडीचा नाद. मला अशी माणसं आवडतात: दिवसा देशाच्या अर्थव्यवस्थेला उपयोगी पडेल असं काहीतरी करतात, आणि संध्याकाळी पाच मिलिमीटरच्या किड्याच्या शेपटाखाली भिंग धरतात.

किड्याला नाव मात्र शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी गळ टाकणाऱ्यांनी ठेवलं. १४९६ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या मासेमारीवरच्या पुस्तिकेत, जी डेम जुलियाना बर्नर्स यांच्या नावावर खपते, माशांना भुलवण्यासाठी पिसं आणि लोकर बांधून करायच्या बारा नकली माश्यांची यादी आहे. त्यात 'स्टोन फ्लाय' आहे. म्हणजे लिनियसच्या अडीचशेहून अधिक वर्षं आधी नदीकाठच्या लोकांना हा किडा वेगळा ओळखू येत होता. लिनियसने १७५८ मध्ये त्यातल्या एका प्रजातीला कॅडिसफ्लायच्याच खोक्यात टाकलं, 'फ्रिगानिया' या नावाखाली. विशेषण लावलं 'बायकॉडाटा', दोन शेपट्यांची. खोकं चुकलं, पण शेपट्या बरोबर मोजल्या. १८३९ मध्ये बुर्माइस्टर यांनी या गणाला 'प्लेकोप्टेरा' हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधारण 'गुंफलेले पंख'. दोनच वर्षांनी जिनिव्हाच्या फ्रान्स्वा-ज्यूल पिक्ते यांचा या कुळावरचा मोठा ग्रंथ येऊ लागला. अमेरिकेत जेम्स नीडहॅम आणि क्लासेन यांचा ग्रंथ १९२५चा. हेच नीडहॅम १९०९ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या किड्यांवर लिहून मोकळे झाले होते.

आता किडा. स्टोनफ्लाय ही माशी नाही. माशीला दोन पंख असतात, हिला चार. आयुष्याचा बहुतेक भाग ती पाण्याखाली काढते, दगडाच्या पोटाला चिकटून, म्हणून 'स्टोन'. पाण्यातल्या या अवस्थेला निंफ म्हणतात. ती अळीसारखी लिबलिबीत नसते, बऱ्यापैकी पूर्ण किडाच असते: डोकं, लांब शृंगिका, संयुक्त डोळे, चावायचे जबडे, सहा पाय, आणि छातीच्या भागावर पुढे ज्यांचे पंख होणार त्या चपट्या कळ्या. कोश वगैरे भानगड नाही. कात टाकत टाकत वाढायचं, शेवटी पाण्याबाहेर दगडावर चढायचं, पाठीवर कात उलायची आणि पंख घेऊन बाहेर पडायचं. दगडांवर चिकटलेल्या या रिकाम्या काती कित्येक दिवस तशाच राहतात.

तिच्यासारखीच दिसणारी मेफ्लायची निंफ त्याच दगडाखाली असते. दोघींमध्ये घोटाळा होऊ नये म्हणून विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगतात ते असं: पायाच्या टोकाला बघा. मेफ्लायला एक नखी, स्टोनफ्लायला दोन. मेफ्लायला बहुधा तीन शेपट्या, हिला दोनच. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या कडांना हलत असतात. स्टोनफ्लायला असलेच तर छातीपाशी, मानेपाशी, क्वचित पार मागे, झुपक्यांसारखे. मोठेपणी मेफ्लाय पंख मिटून पाठीवर उभे धरते, फुलपाखरासारखे. स्टोनफ्लाय ते पाठीवर आडवे, सपाट ठेवते; मागच्या पंखाचा रुंद भाग पंख्यासारख्या घड्या पडून खाली मुडपला जातो. बुर्माइस्टर यांच्या नावातली गुंफण शिरांच्या जाळ्याची असो वा घड्यांची, मला ते नाव त्या दुमडण्यातच पटतं.

लेदनिया तुमानाची निंफ पूर्ण वाढली तरी साडेचार ते साडेसहा मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढी. पाठ गडद तांबूस तपकिरी, पोट गुलाबी, पाय फिकट करडे-हिरवे. हे वर्णन उपलब्ध व्हायला १९८० उजाडलं: रिकर यांच्यासमोर होते ते पंखवाले किडे; पाण्यातलं रूप रिचर्ड बाउमन आणि केनेथ स्ट्युअर्ट यांनी अठ्ठावीस वर्षांनी शास्त्रीय पद्धतीने नोंदवलं. एखाद्याच्या म्हातारपणाची चार दिवसांची ओळख आधी व्हावी आणि बाकी सगळ्या आयुष्याची नंतर, तसा प्रकार.

या निंफला कल्ले नाहीत. तिच्या कुळातल्या काही गटांना मानेखाली कल्ले असतात, लेदनियाला तेही नाहीत. ती अंगानेच श्वास घेते; पातळ कवचातून प्राणवायू आत झिरपतो. इथे तिच्या शरीराचा आणि पाण्याचा हिशेब जुळतो. समुद्रसपाटीला शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात ९च्या आसपास. वर डोंगरात हवेचा दाब कमी, त्यामुळे हे आकडे आणखी घटतात. म्हणजे उंचीने जे हिरावून घेतलं ते गारठ्याने परत द्यायचं. वाहत्या पाण्याचा फायदा वेगळाच: निंफच्या अंगाला लागून असलेला, तिने वापरलेला पाण्याचा थर सतत धुतला जातो. साचलेल्या पाण्यात आपल्याच उच्छ्वासाच्या वेढ्यात बसावं लागलं असतं.

आणि म्हणून तिचा पत्ता. मोंटाना राज्याच्या वायव्य टोकाला, कॅनडाच्या हद्दीला लागून, ग्लेशियर नॅशनल पार्क आहे. तिथे वृक्षरेषेच्या वर, हिमनदीच्या किंवा जुन्या बर्फाच्या पोटातून ओढा बाहेर पडतो, त्या ओढ्याचे पहिले काही शे मीटर. उन्हाळ्यातही साधारण १० अंश सेल्सिअसच्या आतलं पाणी. काही ठिकाणी भुईतून फुटलेले गार झरे, काही ठिकाणी हिमतळ्याच्या तोंडाशी. खाली उतरावं तसं पाणी तापतं, काठाला झुडपं येतात, दुसऱ्या जातीचे किडे वाढतात आणि लेदनिया संपते. नकाशावर तिचा प्रदेश रंगवायचा तर डोंगराच्या माथ्यांवर टाचणीने टिंबं द्यावी लागतील. उन्हाळ्यात, बर्फ मागे हटून ओढा मोकळा झाला की, पंखवाले किडे बाहेर येतात. उडण्यात फार तरबेज नसतात. एका टिंबावरून दुसऱ्या टिंबावर जायचं म्हणजे मधली अख्खी दरी ओलांडायची.

आपल्याकडे सह्याद्रीच्या ओढ्यांत निओपर्ला या गटातल्या स्टोनफ्लाय आहेत. त्या वेगळ्या कुळातल्या, उष्ण प्रदेशाला सरावलेल्या. दोघींना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे खळाळतं, स्वच्छ पाणी. जगभर ओढ्याचं आरोग्य तपासणारे लोक आधी स्टोनफ्लाय शोधतात ते त्यामुळेच. ती नसली की समजायचं, वर कुठेतरी काहीतरी सोडलंय.

या डोंगरांचा माणसांकडून झालेला इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण पुढे कायदा येणार आहे. ब्लॅकफीट लोक या रांगेला जगाचा कणा मानतात. १८९५ मध्ये अमेरिकन सरकारने त्यांच्याकडून ही डोंगराळ पट्टी १५ लाख डॉलरला घेतली. बोलणी करणाऱ्या तिघा आयुक्तांत जॉर्ज बर्ड ग्रिनेल होते. ब्लॅकफीटांचे मित्र म्हणून ओळखले जाणारे, आणि तिथली एक हिमनदी ज्यांचं नाव मिरवते तेच. सरकारला त्या डोंगरांत तांबं नि सोनं मिळेल अशी आशा होती. ते काही मिळालं नाही. १९१० मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. ब्लॅकफीटांचा शिकारीचा, लाकूडफाट्याचा हक्क त्यानंतर कसा आवळला गेला हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण 'निसर्ग वाचवणं' या शब्दांचा तिथला पहिला अर्थ कुणाला तरी बाहेर काढणं असा होता, हे विसरून पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

१८५०च्या सुमारास तिथे आजच्यापेक्षा कितीतरी जास्त हिमनद्या होत्या. १९६६ मध्ये नाव असलेल्या ३७ मोजल्या गेल्या. २०१५ मध्ये त्यांतल्या २६ उरल्या होत्या; बाकीच्या ०.१ चौरस किलोमीटरपेक्षा लहान झाल्या, आणि तेवढ्या लहान झालेल्या बर्फाला हिमनदी न म्हणण्याचा संकेत आहे.

लोगन पास ही त्या उद्यानातली खिंड, २,०२५ मीटरवर. १९३३ साली खुला झालेला रस्ता तिथून जातो, त्यामुळे गाडी लावून कुणालाही वर जाता येतं. खिंडीच्या जरा खाली, पूर्वेला, लंच क्रीक नावाचा ओढा रस्त्याखालून जातो. लेदनियावर लिहिणाऱ्यांच्या शोधनिबंधांत हे नाव वारंवार येतं, म्हणून एका ऑगस्टमध्ये मी तिथे दोन तास बसलो. पर्यटक येत होते, कठड्यावर सँडविचेस खाऊन जात होते. ओढ्याने नाव सार्थ केलं. पाण्यात बोटं घातली, वीस आकडे मोजेपर्यंत धरवली नाहीत. उद्यानात किडे गोळा करायला परवाना लागतो, तेव्हा दगड उलथायचा प्रश्नच नव्हता. काठाच्या ओल्या दगडांवर नुसतं बघत राहिलो. तासाभराने एक बारीक, काळपट किडा दिसला, पंख पाठीवर सपाट, चालण्याची घाई. स्टोनफ्लाय नक्की. कुठली, ते त्या जागी देवालाही सांगता आलं नसतं.

कारण या किड्यांची जात ठरते ती नराच्या पोटाच्या टोकाशी, पाठीच्या बाजूला असलेल्या एका बारक्या अवयवावरून. एपिप्रॉक्ट म्हणतात त्याला. त्याचे काटे, त्याची वळणं, त्याच्या पडद्यांची घडण. सूक्ष्मदर्शकाशिवाय काही कळत नाही. आणि याच अवयवावरून २०१० साली सगळं चित्र पालटलं. तोवर लेदनिया तुमाना ही कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडापासून वॉशिंग्टनच्या कॅस्केड डोंगरांपर्यंत आणि मोंटानापर्यंत पसरलेली समजत. बाउमन आणि बोरिस कोंद्रातीफ यांनी निरनिराळ्या डोंगरांतले नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि लिहिलं, ही एक नव्हे. सिएरातली ती लेदनिया सिएरा, कॅस्केडमधली लेदनिया बोरियालिस. २०१२ मध्ये वायोमिंगच्या टीटन डोंगरांतली लेदनिया टेटोनिका आली. प्रत्येक पर्वतरांगेला आपली लेदनिया. हिमयुगात खालच्या प्रदेशातही ओढे गार होते. मग बर्फ मागे सरला, किडे गारव्याच्या मागोमाग वर चढले आणि आपापल्या शिखरांवर अडकले.

ओढ्यात काहीच बदललं नव्हतं. पण तुमानाच्या वाट्याला आता फक्त ग्लेशियर उद्यान आणि त्याच्या आसपासचे, कॅनडाच्या वॉटर्टनपर्यंतचे डोंगर उरले. कागदावर एका रात्रीत ती दुर्मीळ झाली.

कागद तेव्हा आधीच फिरत होता. २००७ मध्ये एका पर्यावरण संघटनेने अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेकडे एकाच याचिकेत २०६ प्रजाती संकटग्रस्त ठरवण्याची मागणी केली. त्यात तुमाना होती. २०११ मध्ये उत्तर आलं: मागणी रास्त आहे, पण आधी इतर कामं आहेत. (सरकारी भाषेत यासाठी तीन शब्दांचा मस्त वाक्प्रचार आहे. आपल्याकडे त्याला 'फाइल विचाराधीन' म्हणतात.) त्याच वर्षी क्लिंट मुहलफेल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला: हिमनद्या आणि बर्फाचे साठे संपले तर तुमानाचा ८० टक्क्यांहून अधिक अधिवास जाईल. २०१६ मध्ये प्रस्ताव, आणि २१ नोव्हेंबर २०१९ रोजी अंतिम निर्णय. लेदनिया तुमाना आणि तिची दूरची बहीण झापादा ग्लेशियर, दोघी 'धोक्यात आलेल्या' प्रजाती म्हणून कायद्याच्या यादीत गेल्या. रिकर यांची दोन रशियन नावं अमेरिकन राजपत्रात शेजारी शेजारी छापली गेली. रिकर २००१ मध्ये वारले होते. त्यांना मजा वाटली असती.

बारा वर्षं लागली, हा माझा आक्षेप नाही. अडचण वेगळी आहे. हा कायदा १९७३चा. शिकारी, धरणं, विषारी फवारे, जंगलतोड यांच्याशी भांडायला तो घडला. लेदनियाला कुणी मारत नाही. तिचे ओढे राष्ट्रीय उद्यानात आहेत, तिथे ना खाण ना धरण. तिचा शत्रू हवा आहे, आणि ती हवा शांघायमधून, ह्यूस्टनमधून, कोराडीच्या चिमण्यांमधून सारखीच येते. २००८ मध्ये ध्रुवीय अस्वलाला याच यादीत घेताना सरकारने नियमच असा केला की त्या नोंदीचा आधार घेऊन उत्सर्जनावर बंधनं घालता येऊ नयेत. अस्वलाला जे जमलं नाही ते तांदळाच्या दाण्याएवढ्या किड्याला काय जमणार?

इथवर गोष्ट सरळ आहे: बर्फ जाणार, किडा जाणार. २०२० साली ती इतकी सरळ राहिली नाही. उद्यानातल्या काही फलकांवर २०२०पर्यंत इथल्या हिमनद्या नाहीशा होतील असं लिहिलेलं होतं. ते फलक बदलावे लागले, कारण हिमनद्या आक्रसल्या होत्या, पण होत्या. हवामानबदल थोतांड मानणाऱ्यांनी त्यावर टाळ्या पिटल्या. त्याच वर्षी मुहलफेल्ड आणि सहकाऱ्यांचा नवा अभ्यास आला. छोटं हिमयुग संपल्यापासून, म्हणजे सुमारे १७० वर्षांत, ज्या खोऱ्यांतल्या हिमनद्या पार गेल्या, तिथल्या ओढ्यांतही तुमाना आणि तिच्यासोबतची गार पाण्यातली मंडळी तग धरून होती. जिथे साचलेला हिवाळी बर्फ किंवा भुईतलं गार पाणी पुरवठा करत होतं, तिथे. नऊ वर्षांपूर्वी भीती घालणारा गट आणि ही नोंद करणारा गट यांत तीच नावं आहेत, याचं मला फार कौतुक वाटतं. आपणच दिलेल्या इशाऱ्याला दुरुस्ती जोडायला, आणि तीही टाळ्या चालू असताना, छाती लागते.

स्कॉट होटलिंग आणि सहकाऱ्यांनी त्याच सुमारास निंफना प्रयोगशाळेत हळूहळू ऊब दिली. ज्या ओढ्यांतून त्या आणल्या होत्या तिथल्या तापमानाच्या कितीतरी वर गेल्यावरच त्या कोलमडल्या. त्यातून एक वेगळी शक्यता डोकं वर काढते: लेदनियाला कदाचित गारठा हवाच असतो असं नाही, गारठा सोसण्याची ताकद तिच्यापाशी आहे आणि बाकीच्यांपाशी नाही, म्हणून ती तिथे एकटी निवांत राहते. तसं असेल तर पाणी कोमट झाल्याने ती लगेच मरणार नाही, पण खालून गर्दी वर येईल. आणि काही तास ऊब सोसणं वेगळं, त्या उबेत वाढून, पंख फुटून, जोडीदार शोधून अंडी घालणं वेगळं. काही तासांचा प्रयोग त्याचं उत्तर देत नाही.

दरम्यान वरच्या उतारांवर संशोधक आता दगडांच्या ढिगाऱ्यांखाली बघू लागले आहेत. हिमनदी गेली तरी कडे कोसळून साचलेल्या त्या राशींच्या पोटात बर्फ राहतो. वरचे दगड त्याला उन्हापासून झाकतात. त्यांच्या पायथ्याशी पाणी पाझरतं, पाऊलभर रुंद, उन्हाळाभर गार. टीटनमध्ये अशा पाझरांत लेदनिया टेटोनिका सापडली आहे. हे पाझर बहुतेक नकाशांवर नाहीत, त्यांना नावंही नाहीत, आणि तिथे पोचायला दिवसभर चढावं लागतं. संशोधकांच्या पाठीवर एक जाळी असते, अल्कोहोलने भरलेल्या कुप्या असतात आणि तापमानाची नोंद ठेवणारं नाण्याएवढं यंत्र असतं. ते दगडाखाली ठेवून यायचं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये, बर्फ उतरल्यावर, परत जाऊन काढायचं.